वाळूमाशी, हवामान आणि उंची : कोल्हापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान आरोग्यसेवक, आशाताई, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि घराला लागून गोठा असलेली कुटुंबे यांच्यासाठी आहे. जगभरातली माहिती कोल्हापूरच्या जमिनीवर कशी लागू पडते, कुठे पडत नाही, हे सांगण्यावर भर दिला आहे.

वाळूमाशी ओळखायची कशी? ती आणि चिलटे एकच का?

नाही. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटे वेगळी, ती चावत नाहीत. वाळूमाशी साधारण दीड ते साडेतीन मिलिमीटर लांब, म्हणजे डासाच्या निम्म्याहूनही लहान असते. रंग फिकट पिवळसर-करडा, अंगावर दाट केस, आणि भिंतीवर बसली की दोन्ही पंख वर उभे राहून इंग्रजी ‘व्ही’सारखा कोन करतात. डास पंख पाठीवर मिटून बसतो, त्यामुळे एवढ्या एका खुणेवरही टॉर्चच्या उजेडात फरक कळतो. ती सरळ उडत नाही, छोट्या उड्या मारत भिंतीवरून सरकते आणि उडताना आवाज करत नाही. रक्त फक्त मादी पिते. डासापेक्षा मोठा फरक पुढचा : वाळूमाशी पाण्यात अंडी घालत नाही. ओलसर, सावलीतली, शेण-पालापाचोळा मिसळलेली माती हेच तिच्या अळ्यांचे घर. म्हणून साठलेले पाणी ओतून देण्याची मोहीम डासांवर चालते, हिच्यावर नाही.

तिच्यामुळे कोणते आजार होतात?

भारतात प्रामुख्याने तीन. काळा आजार, ज्यात लेश्मानिया डोनोव्हानी हा परजीवी प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत वाढतो. तो पसरवते फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही जात. दुसरा त्वचेचा लेश्मानियासिस, राजस्थानात बिकानेर भागात आणि हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात. तिसरा चांदीपुरा विषाणूचा मेंदूज्वर, मुख्यतः १५ वर्षांखालच्या मुलांना. हा विषाणू १९६५ मध्ये आपल्याच राज्यात, नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या साथीत ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा मोठी साथ आली.

उंची वाढली की वाळूमाश्या कमी होतात, हे खरे का?

अर्धेच खरे. माशीला समुद्रसपाटी कळत नाही. तिला कळते ते तापमान, हवेतली आणि मातीतली ओल, वारा, आणि रक्त मिळेल असे जनावर. उंचीबरोबर या सगळ्या गोष्टी बदलतात म्हणून उंचीचा परिणाम दिसतो. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. पन्हाळा कोल्हापूर शहरापेक्षा तीन-चारशे मीटर उंच आहे, म्हणजे फरक दोन-अडीच अंशांचा. एवढ्याने माशी नाहीशी होत नाही. पण हिवाळ्यातल्या रात्री ती बाहेर पडणार की नाही, अळीची वाढ लवकर होणार की रेंगाळणार, हे मात्र याच दोन अंशांवर ठरू शकते.

प्रत्येक जातीची उंचीची पट्टी वेगळी असते, हेही ध्यानात घ्या. हिमाचलात फ्लेबोटोमस लाँगिडक्टस ही जात किन्नौरच्या थंड डोंगरी गावांतही सापडते. इथिओपियाच्या पठारावर, दीड-दोन हजार मीटरच्या वर, फ्लेबोटोमस लाँगिपेस आणि पेडिफर त्वचेचा आजार पसरवतात, तर त्याच देशातल्या सखल उष्ण भागात फ्लेबोटोमस ओरिएंटॅलिस काळा आजार पसरवते. सगळ्यात बोलके उदाहरण पेरूचे. अँडीजच्या खोऱ्यांतला कॅरियॉनचा आजार, जो वाळूमाशीच पसरवते, पूर्वापार साधारण ५०० ते ३२०० मीटरच्या पट्ट्यात आढळतो. त्या पट्ट्याला वरची हद्द आहे तशी खालचीही आहे. म्हणजे ‘उंच तितके सुरक्षित’ हा नियम जगात कुठेच सरसकट चालत नाही.

‘६०० मीटरच्या खाली काळा आजार’ असे वाचले. कोल्हापूर शहर तर ५५० मीटरच्या आसपास आहे. मग इथे धोका आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि तो रास्त आहे. भारतीय उपखंडात काळ्या आजाराच्या पट्ट्याचे वर्णन असे केले जाते : उंची ६०० मीटरखाली, भरपूर पाऊस, सरासरी आर्द्रता ७० टक्क्यांहून जास्त, तापमान १५ ते ३८ अंश, दाट हिरवाई, जमिनीत फार खोल नसलेले पाणी आणि गाळाची माती. पंचगंगेकाठच्या उसाच्या गावांना हे वर्णन बरेचसे लागू पडते. त्यात घरटी म्हैस आहे, आणि अर्जेंटिपेस ही मूळची गुराढोरांवर पोसणारी माशी आहे.

तरीही काळ्या आजाराचा स्थानिक प्रसार बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेश या पट्ट्यात आहे, इथे नाही. कारण हवामान फक्त माशीला परवानगी देते, आजाराला नाही. आजार फिरत राहायला परजीवी असलेला माणूस हवा, त्याला चावणारी माशी हवी, आणि ती माशी परजीवी तिच्या पोटात पक्व होईपर्यंत, साधारण आठवडाभर, जगून दुसऱ्या माणसाला चावली पाहिजे. ज्या गावात माशी बहुतेक जेवणे म्हशीवर करते तिथे ही साखळी तुटते. उलट ज्या गावात माणसे गोठ्याशेजारी उघड्यावर झोपतात तिथे ती जुळण्याची शक्यता वाढते.

आणखी एक. ६०० हा आकडा गंगेच्या मैदानातून आलेला आहे. तिथे ६०० मीटर म्हणजे हिमालयाची उतरण, जिथे हिवाळा कडक होतो. आपल्याकडे ६०० मीटरवर हिवाळ्यातही किमान तापमान बहुधा १२-१५ अंशांच्या आत-बाहेर राहते. केरळात पश्चिम घाटातल्या अगस्त्यमला परिसरात आदिवासी वस्त्यांमध्ये लेश्मानियासिस आढळला आहे. त्यामुळे आजरा-चंदगडचा बराच भाग ६०० च्या वर आहे म्हणून तिथे माशी शोधायचीच नाही, असा निष्कर्ष काढू नका.

माशीला नेमके किती तापमान आणि आर्द्रता लागते?

अर्जेंटिपेस प्रयोगशाळेत वाढवताना २६ ते २८ अंश आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता ठेवतात. या तापमानाला अंड्यापासून माशीपर्यंत पाच-सहा आठवडे लागतात : अंडी आठवडाभर, अळीच्या चार अवस्था तीन-चार आठवडे, कोष आठवडाभराच्या आसपास. थंडीत हाच काळ खूप लांबतो. १५-१६ अंशांखाली बहुतेक जाती उडणे थांबवतात, आणि ४० च्या वर कोरड्या हवेत प्रौढ माश्या लवकर मरतात.

उष्णतेचे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध चालतात. ऊब वाढली की रक्त लवकर पचते, मादी चार-पाच दिवसांतच पुन्हा चावायला निघते आणि तिच्या पोटातला परजीवीही लवकर वाढतो. पण त्याच उष्णतेने तिचे आयुष्य घटते. म्हणून सर्वात गरम महिना सर्वात धोक्याचा असेलच असे नाही. मध्यम ऊब आणि भरपूर ओल यांचा मेळ बसतो तो काळ पाहायचा.

वाऱ्याकडे लोकांचे लक्ष जात नाही. सेकंदाला दोन-तीन मीटर वारा असला तरी ही माशी जमिनीलगत दडून बसते. सड्यावर, उघड्या पठारावर सापळा रिकामा मिळाला तर उंचीला दोष देण्याआधी वारा मोजा.

गगनबावड्याला इतका पाऊस पडतो, तर तिथे माश्या जास्त असायला हव्यात ना?

शिरोळकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, गगनबावड्याला पाच हजारांच्या वर, आणि या दोन ठिकाणांत सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. वाळूमाशीचा अभ्यास करण्यासाठी इतका तीव्र उतार फार थोड्या जिल्ह्यांना लाभला आहे. पण जास्त पाऊस म्हणजे जास्त माश्या असे गणित नाही. अळीला दमट माती हवी, चिबड नको. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावरची उघडी माती आठवडेच्या आठवडे पाण्याने भरलेली असते, अळ्या गुदमरतात, त्यांच्या अन्नावर बुरशी चढते. घाटातली जांभ्याची माती आम्लधर्मीही असते, आणि बिहारमध्ये अर्जेंटिपेसच्या अळ्या बहुधा किंचित अल्कधर्मी मातीत मिळाल्या आहेत.

मात्र त्याच गावात छपराखालचा गोठा कोरडाही नसतो आणि पाण्याखालीही नसतो. बाहेर धुवाधार पाऊस, आत २५ अंश, ८५-९० टक्के आर्द्रता आणि शेणमिश्रित माती. म्हणून पश्चिमेकडच्या तालुक्यांत माशी शोधायची ती छपराखाली. पूर्वेकडे उलट : उन्हाळ्यात हवा कोरडी पडते, पण उसाला बारमाही पाणी, मोटारीच्या पाटाकडेची झाडी आणि धुतला जाणारा गोठा इथे ओल टिकून राहते. वाळवंटातही हेच घडते. राजस्थानात माश्या उंदरांच्या बिळांत राहतात, कारण बिळात दुपारीही गारवा आणि ओल असते. हवामान केंद्राचा आकडा गावाचा असतो, माशी मात्र एका फटीच्या हवामानात जगते.

काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यात वाळूमाश्या असतात का?

सुदान आणि इथिओपियात ओरिएंटॅलिसचा काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीशी घट्ट संबंध आहे. ती जात आपल्याकडे नाही. इथली अर्जेंटिपेस घर-गोठ्याभोवती राहते. तरी दिवसा दडायला खोल भेग कोणत्याही वाळूमाशीला चालते, म्हणून वस्तीला लागून असलेल्या रानातल्या भेगांवर चिकट कागद लावून पाहण्यासारखे आहे.

महापुरानंतर माश्या वाढतात का?

पाणी चढलेले असताना मातीतल्या अळ्या मरतात, त्यामुळे पूर ओसरल्यावर पहिले काही आठवडे माश्या कमी दिसतात आणि लोक निर्धास्त होतात. खरी वेळ नंतरची. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर नदीकाठच्या घरांत भिंती कित्येक आठवडे ओल्या होत्या, गिलावा फुगून सुटला होता, कुजलेली वैरण कोपऱ्यात पडली होती. अंडी घालायला याहून सोयीची जागा नाही. आयुष्यचक्र पाच ते आठ आठवड्यांचे धरले तर ऑगस्टच्या पुरानंतर तपासणी सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये करावी. मदतकार्य तेव्हा संपलेले असते, म्हणून ती तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वर्षातल्या कोणत्या महिन्यांत जपायचे?

उन्हाळ्याचे वळीव सुरू झाल्यापासून जुलैपर्यंत, आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. चांदीपुराच्या साथी बहुतेक जून ते ऑगस्टमध्ये आल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत माशी कमी होते, पण अळ्या मातीत हळूहळू वाढत असतात. गोठ्याची माती बदलायला हाच सर्वोत्तम काळ.

हवामान बदलामुळे माशी घाट चढेल का?

युरोपात वाळूमाशीच्या नोंदी उत्तरेकडे सरकल्या आहेत, इटलीच्या उत्तर भागात लेश्मानियासिस पोहोचला आहे. आपल्या सह्याद्रीत माशीला अडवणारी अशी थंडीची भिंत मुळात नाहीच. इथे बदल दिसला तर तो हंगाम लांबण्यात दिसेल : हिवाळ्याच्या रात्री उबदार झाल्या की नोव्हेंबरात थांबणारी हालचाल डिसेंबरात जाईल. म्हणून फक्त ‘सापडली की नाही’ एवढे नोंदवू नका. पहिली माशी कोणत्या आठवड्यात मिळाली आणि शेवटची कधी, हे लिहा.

उंचीचा परिणाम मोजणारा छोटा प्रकल्प कसा करावा?

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जमेल अशी पद्धत देतो.

१. एकाच रस्त्यावर, दर शंभर मीटर उंचीला एक गाव निवडा. वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावडा आणि तिथून कोल्हापूरकडे उतार हा मार्ग सोयीचा आहे. उंची मोबाइलवरच्या एका वाचनावर ठरवू नका, ती पन्नास मीटरनेही चुकते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून घ्या.

२. प्रत्येक गावात सारख्या प्रकारची ठिकाणे घ्या : एक म्हशीचा गोठा, एक राहते घर, एक बाहेरची जागा. खाली मातीच्या भेंड्यांचे घर आणि वर सिमेंटचे घर घेतले तर तुम्ही उंची नव्हे, बांधकाम मोजाल. सर्वाधिक प्रकल्प इथेच फसतात.

३. सहा व्होल्टचा प्रकाश-सापळा जमिनीपासून फुटा-दीड फुटावर टांगा, संध्याकाळी ६ ते सकाळी ६. पिशवी बारीक विणीचीच हवी, डासांच्या नेहमीच्या जाळीतून माश्या निसटतात. टांगायच्या दोरीला ग्रीस लावा, नाहीतर पहाटेपर्यंत मुंग्या सगळे खाऊन टाकतात. शेजारी गोठ्याचा बल्ब चालू असेल तर सापळ्याचा उजेड फिका पडतो, तो मालकाला विचारून बंद ठेवा. रात्री बॅटरी उतरली की पंखा मंदावतो आणि पकडलेल्या माश्या बाहेर पडतात, म्हणून सकाळी व्होल्टेज मोजून लिहा.

४. पांढऱ्या कागदाला एरंडेल तेल चोपडून फटींजवळ लावा. हा चिकट सापळा स्वस्त आहे, वीज लागत नाही, पण पाचटाची धूळ बसली की निकामी होतो. रोज बदला.

५. सकाळी सहा ते आठ या वेळात टॉर्च आणि चूषक नळी घेऊन भिंतींवर शोध घ्या. मिळालेल्या माश्या भागिले एकूण मनुष्य-तास, ही घनता. नळीत बारीक जाळी बसवल्याशिवाय तोंडाने ओढू नका.

६. सगळ्या उंचीवर एकाच रात्री सापळे लावा. एका गावात पौर्णिमा आणि दुसऱ्यात अमावस्या आली तर तुलना संपली, कारण चांदण्यात प्रकाश-सापळ्याची पकड घटते.

७. तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारे छोटे यंत्र माशी बसते त्या उंचीवर, सापळ्याशेजारी ठेवा. विश्लेषणात त्या दिवसाच्या हवेबरोबर पाच-सहा आठवड्यांपूर्वीची हवाही घाला. आज दिसणारी माशी तेव्हाच्या अंड्यातून आलेली आहे.

पकडलेल्या माश्यांची जात कशी ठरवायची?

७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, प्रत्येक बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका. शाई अल्कोहोलमध्ये उतरते. भिंगाखाली पहिली विभागणी होते : पोटावरचे केस उभे असतील तर फ्लेबोटोमस, आडवे चापून बसलेले असतील तर बहुधा सर्जेंटोमाया. नराच्या पोटाच्या टोकाला चिमट्यासारखे अवयव दिसतात. पुढे जातीपर्यंत जायचे तर कॉस्टिक पोटॅशच्या १० टक्के द्रावणात माशी पारदर्शक करून काचपट्टीवर चढवावी लागते, आणि मादीची शुक्रकोशिका व घशाचे दात पाहावे लागतात. अर्जेंटिपेस हा खुद्द जवळच्या जातींचा गट आहे, त्यामुळे शंका असेल तिथे दोन-चार नमुने डीएनए तपासणीसाठी राखून ठेवा.

संगणकावर जोखमीचा नकाशा बनवताना काय चुकते?

हवामान विभागाची पावसाची जाळीदार माहिती पाव अंशाची, म्हणजे सुमारे २५ किलोमीटरच्या चौकोनाची असते. आपल्याकडे एका चौकोनात घाटमाथा आणि त्याच्या पलीकडचा कमी पावसाचा पट्टा एकत्र येऊन सरासरी निघते, जी दोन्हीकडे खोटी असते. तालुका आणि मंडल पर्जन्यमापकांचे आकडे वापरा. दुसरे, उंची, तापमान आणि पाऊस एकमेकांना बांधलेले असतात. तिन्ही एकाच मॉडेलमध्ये टाकले की कोणाचा वाटा किती हे सांगता येत नाही. तिसरे, नमुने रस्त्याकडेच्या गावांतून घेतले असतील तर नकाशा रस्त्यांचाच होतो.

आमचा गोठा घराला लागूनच आहे. काय करावे?

गोठा हलवता येत नाही, हे धरूनच सांगतो. अळीला ओलसर माती सलग महिनाभर लागते, आणि तेवढेच तोडायचे आहे. रोजचे शेण उचलताना मधली जागा स्वच्छ होते. राहते ती गव्हाणीखालची, खुंट्यांभोवतीची आणि भिंत-जमीन सांध्याची माती. आठ-दहा दिवसांतून एकदा ती खरवडून उन्हात पसरा. गोमूत्राची नाली पक्की आणि उताराची करा. गव्हाणीखाली फरशी किंवा कोबा घालता आला तर सर्वात जास्त फायदा त्याचाच. उकिरडा घरापासून शक्य तितका लांब न्या आणि अधूनमधून उलथा. ढिगाच्या पोटात उष्णता असल्याने अळ्या टिकत नाहीत, त्या कडेच्या थंड ओल्या भागात राहतात.

भिंतीच्या फटी जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत बुजवा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका : आतली ओल अडकते, वर्षा-दोन वर्षांत गिलावा पोपडा धरून सुटतो आणि त्यामागे माशीला आयती पोकळी मिळते. माती-भुश्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याचा हात हेच टिकते. पातळ सारवण एका दिवसात वाळते, त्याने बिघडत नाही. कोपऱ्यात थरावर थर चढून ओल राहते ते वाईट.

धुराची फवारणी केली तर?

धुराने तेवढ्या वेळी उडणाऱ्या माश्या मरतात, फटीत बसलेल्या नाही, आणि दुसऱ्या दिवशी परिणाम उरत नाही. उपयोगाची असते ती भिंतीवर औषधाचा थर ठेवणारी फवारणी. काळ्या आजाराच्या पट्ट्यात त्यासाठी डीडीटीऐवजी आता अल्फासायपरमेथ्रिन, चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम, वापरतात, कारण माशी डीडीटीला निर्ढावली. फवारणी आरोग्य विभागाच्या प्रशिक्षित पथकाकडूनच व्हावी, आणि त्यानंतर भिंत सारवू नये. सारवले की औषध शेणाखाली गाडले जाते.

मच्छरदाणी पुरते का?

साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ही माशी आत येते. औषध लावलेली किंवा बारीक विणीची हवी, कडा गादीखाली खोचलेल्या. पलंगावर झोपणे आणि पंखा चालू ठेवणे यांनीही चावे बरेच कमी होतात. मुलांना उन्हाळ्यात गोठ्याच्या पडवीत झोपवू नका.

ताप आला तर केव्हा धावायचे?

पावसाळ्यात लहान मुलाला अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी दिसली तर सकाळची वाट पाहू नका. चांदीपुरात मुलाची तब्येत २४ ते ४८ तासांत ढासळते. त्यावर लस किंवा खास औषध नाही, पण झटके, मेंदूची सूज आणि श्वास वेळेत सांभाळले तर मूल वाचू शकते. त्यामुळे जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा थेट कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात न्या. मुलाला कुशीवर वळवून ठेवा, गुंगीत असताना तोंडात पाणी किंवा औषध घालू नका.

काळ्या आजाराची चाल वेगळी. दोन आठवड्यांहून जास्त ताप, वजन घटणे, डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागणे आणि मलेरियाची तपासणी निगेटिव्ह. शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर बिहार-झारखंडचे अनेक कामगार आहेत. असा ताप घेऊन ते आले तर मूळ गाव आणि शेवटचा गावी गेल्याचा महिना विचारावा आणि आरके-३९ ही बोटातल्या थेंबभर रक्ताची तपासणी करावी. निदान झाले तर उपचार सरकारी यंत्रणेत मोफत मिळतो, बहुतेकांना लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस पुरतो. रुग्णाची बातमी गावभर करू नका, पण जिल्हा हिवताप कार्यालयाला त्याच दिवशी कळवा, म्हणजे त्याच्या खोलीभोवती माश्या आहेत का हे तपासता येईल.